कुजणे आणि सडणे : ढिगालाही वाफसा लागतो

काळीभोर (धागाकर्ता)

बोलताना आपण ‘कुजणे’ आणि ‘सडणे’ हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो आणि बोलण्यापुरते त्यात काही अडत नाही. मात्र शेतात, परसात किंवा गच्चीवर ज्यांना काडीकचऱ्याचे खत करायचे आहे, त्यांनी या दोन क्रिया वेगळ्या ओळखायला शिकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे. खताच्या ट्रॉलीचा सौदा करताना शेतकरी ‘चांगले कुजलेले आहे ना?’ असेच विचारतो. सडलेले खत कोणी मागत नाही. या बोलण्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे आणि मृदाशास्त्र जी कारणे सांगते त्यांच्याशी ते चांगले जुळते.

पालापाचोळा, शेण, कुटार (मळणीनंतरचा भुसा), भाजीचे देठ यांतील कार्बन हे सूक्ष्मजीवांचे अन्न आहे. ते खाताना त्यांना प्राणवायू मिळाला, तर कार्बनचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो, भरपूर उष्णता निर्माण होते आणि मागे गडद रंगाचे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत उरते. प्राणवायू मिळाला नाही, तर तेच अन्न दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंच्या वाट्याला जाते. ते काम संथपणे आणि अर्धवट करतात, आणि त्यातून आंबट आम्ले, मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असे पदार्थ बाहेर पडतात. नासलेल्या अंड्यासारखा जो वास तुंबलेल्या उकिरड्याला येतो, तो या हायड्रोजन सल्फाइडचा. मूळ पदार्थ एकच असतो. त्याचे खत होणार की घाण होणार, हे मुख्यतः हवा ठरवते. आणि हवा कोंडते ती बहुधा पाण्यामुळे, कारण हवेतून प्राणवायू जितक्या वेगाने पसरतो, त्यापेक्षा पाण्यातून तो सुमारे 10,000 पटींनी सावकाश पसरतो. ढिगातील बारीक पोकळ्या पाण्याने भरल्या की आतल्या सूक्ष्मजीवांना वरून पुरवठा होणे जवळजवळ थांबते.

काळ्या जमिनीत शेती करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये, कारण त्याच्याकडे ‘वाफसा’ ही कल्पना आधीपासून आहे. जमिनीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही पुरेशी असतात, तेव्हा जमीन वाफशावर आली असे आपण म्हणतो आणि त्याआधी वावरात औत घालत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की खताच्या ढिगालाही असाच वाफसा लागतो. वजनाच्या साधारण 50 ते 60 टक्के ओलावा ही त्याची मर्यादा; हाताने पाहायचे असेल तर मूठभर माल दाबावा, बोटांतून एखाददुसरा थेंब यावा, पण धार लागू नये.

नागपूरच्या हवामानात हा वाफसा टिकवणे मुळीच सोपे नाही. उष्णता वाढली की सूक्ष्मजीवांचे काम वाढते, दर 10 अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात कुजण्याचा वेग सर्वांत जास्त असेल असे वाटते. प्रत्यक्षात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा उघडा ढीग वाळून खडखडीत होतो आणि काम ठप्प पडते. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये तोच ढीग पाण्याने गच्च भरतो आणि सडू लागतो. म्हणजे वर्षाचा एक भाग पाण्याअभावी आणि दुसरा भाग हवेअभावी वाया जातो, आणि कुजण्यास खरोखर अनुकूल असे मोजके महिने मध्ये उरतात. गावागावांतील उकिरड्यांवरचे खत अर्धे कच्चे का राहते, याचे मला तरी हेच मोठे कारण दिसते.

या अडचणीवर विदर्भातच एक उत्तम उत्तर शोधले गेले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी तयार केलेली नाडेप पद्धत त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाते. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच असे विटांचे टाके जमिनीच्या वर बांधायचे आणि चारही भिंतींत हवेसाठी छिद्रे सोडायची. आत काडीकचऱ्याचा सुमारे 6 इंचांचा थर, त्यावर शेणाचे पाणी, त्यावर चाळलेल्या कोरड्या मातीचा पातळ थर, असे थर टाक्याच्या काठाच्याही वर दीड फुटापर्यंत रचत जायचे आणि शेवटी सगळे शेणामातीने लिंपून टाकायचे. एका टाक्याला 1,400 ते 1,500 किलो काडीकचरा आणि सुमारे 1,750 किलो माती लागते, पण शेण मात्र 90 ते 100 किलोच पुरते. भिंतीतील छिद्रे हवा देतात, वरचे लिंपण आणि मातीचे थर ओल धरून ठेवतात, जमिनीच्या वर असल्यामुळे पावसाचे पाणी तुंबत नाही, आणि 90 ते 120 दिवसांत खत तयार होते. वाफसा विटामातीत कसा बांधावा, याचा याहून सुबक नमुना माझ्या पाहण्यात नाही. जाणकारांनी आपले अनुभव आणि आक्षेप अवश्य लिहावेत.

बागायतदार_काटोल

दादा, वाफशाची मांडणी पटली, पण ‘कुजणे’ चांगले आणि ‘सडणे’ वाईट ही विभागणी संत्र्याच्या बागेत येऊन थांबते. आमच्याकडे ‘मूळकूज’, ‘पायकूज’, ‘फळकूज’ हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो. फायटोप्थोरा या जमिनीतील रोगकारक जीवामुळे तंतुमुळे कुजतात, बुंध्याच्या सालीतून डिंक ओघळतो, पाने पिवळी पडून गळतात आणि चांगले वाढलेले झाड काही हंगामांत हातचे जाते. काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यात ज्यांच्या भारी जमिनीच्या बागा आहेत, त्यांना हे नव्याने सांगायला नको. इथे कुजणे म्हणजे खत होणे नसून जिवंत झाडाचा घात होणे आहे.

फळाचेही तसेच आहे. तोडणीनंतर संत्र्यावर जी हिरवी बुरशी चढते ती पेनिसिलियम डिजिटॅटम आणि निळसर चढते ती पेनिसिलियम इटॅलिकम. धडधाकट सालीतून तिला सहसा आत शिरता येत नाही, तिला जखम लागते. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने फळ ओढून तोडले की देठाजवळ फाटते, आणि तिथूनच पुढे पेटीभर नासाडी सुरू होते. म्हणून देठाशी कात्रीने फळ कापणे हे बाजारासाठीच्या सजावटीचे काम नसून फळ टिकवण्याचे काम आहे. या नासाडीला हवा कमी पडलेली नसते; उलट पेटीत हवा असतेच. मग ही क्रिया आपल्या विभागणीत कोठे बसवायची?

काळीभोर (धागाकर्ता)

काटोलकर, आक्षेप महत्त्वाचा आहे, आणि त्यामुळे एक अट स्पष्ट लिहिता येते. मी जी विभागणी केली ती मेलेल्या पदार्थापुरती आहे. जिवंत मूळ किंवा झाडावरचे फळ यांना स्वतःची संरक्षणव्यवस्था असते. ती मोडून आत शिरणारा जीव हा रोगकारक असतो आणि ढिगातील सूक्ष्मजीवांहून त्याचे वागणे निराळे असते. तोडलेले फळसुद्धा श्वसन करत असते, म्हणून पेटीतील संत्रे या दृष्टीने अजून जिवंतच आहे.

असे असले तरी मूळकुजीच्या मागे पुन्हा हवा-पाण्याचेच गणित दिसते. फायटोप्थोरा ही खरी बुरशी नाही. तिला जलबुरशी म्हणतात, आणि तिचे बीजाणू जमिनीतील पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की एकीकडे तिला वाट मिळते आणि दुसरीकडे प्राणवायूअभावी मुळे दुबळी होतात. त्यामुळे उताराला चर काढणे, मोकाट पाणी न देता दुहेरी आळे किंवा ठिबक वापरणे, कलमाचा जोड मातीच्या बराच वर ठेवणे, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावणे, या शिफारशींपैकी पहिल्या तीन वाफशाच्याच शिफारशी आहेत. मलमाचे प्रमाण नव्या वाचकांसाठी लिहून ठेवतो : 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी.

एक गोष्ट बागायतदारांनी विशेष सांभाळावी. शेणखत किंवा आच्छादन बुंध्याला टेकवून ढिगाने घालू नये. बुंध्याजवळची साल सतत ओली राहिली तर पायकुजीला आपणच आमंत्रण देतो. खत झाडाच्या घेराखाली, तंतुमुळे असतात त्या भागात पसरावे.

गच्चीवरची_बाग

मी नागपूरच्या धरमपेठेत राहते आणि ओला कचरा घरीच जिरवते. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा देणे बंधनकारक केले, पण आमच्या इमारतीत अनेकांचा समज असा आहे की ओला कचरा झाकण लावून डब्यात ठेवला की त्याचे आपोआप खत होते. प्रत्यक्षात त्याचे काळे पाणी होते, अळ्या पडतात आणि मग सगळा प्रयोग बंद पडतो. काळीभोर यांचे विवेचन वाचून यामागचे कारण स्पष्ट झाले. प्रश्न असा की भाजीच्या कचऱ्यात कोरडे काय आणि किती मिसळावे? आमच्याकडे झाडांची पाने भरपूर मिळतात, नारळाच्या शेंड्याही असतात.

काळीभोर (धागाकर्ता)

ताई, यात दोन हिशेब एकत्र करावे लागतात. पहिला ओलीचा : भाज्या आणि फळांच्या साली यांत पाणीच फार असते, त्यामुळे आकारमानाने एक भाग ओल्या कचऱ्याला एक ते दोन भाग कोरडी पाने लागतात. दुसरा हिशेब कार्बन आणि नत्राचा. सुरुवातीला 25 ते 30 भाग कार्बनला 1 भाग नत्र असावे, म्हणजे सूक्ष्मजीवांची उपासमारही होत नाही आणि नत्र अमोनिया होऊन उडूनही जात नाही. भाजीत नत्र जास्त असते आणि वाळलेल्या पानांत कार्बन, त्यामुळे पाने मिसळल्याने दोन्ही हिशेब एकाच वेळी सुधारतात. अमोनियाचा झणझणीत वास आला तर पाने वाढवावीत. आंबट किंवा अंड्यासारखा वास आला तर पाने वाढवून ढीग खालीवर करावा. पाने चुरून घालावीत. अखंड मोठी पाने ओली झाली की एकावर एक चिकटतात आणि हवा अडवतात. नारळाच्या शेंड्या तळाशी घालाव्यात. त्या कुजायला वेळ घेतात, पण पाणी निचरू देतात. डब्याला झाकण चालेल, मात्र बाजूंना आणि तळाला छिद्रे हवीतच.

ओला कचरा घरी जिरवण्याचा आग्रह मी आणखी एका कारणाने धरतो. नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोसारख्या ठिकाणी ओला-सुका मिसळून उंच ढिगात दडपला की आत हवा राहत नाही आणि मिथेन तयार होतो. हा वायू पेट घेणारा आहे, आणि 100 वर्षांच्या हिशेबाने हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून अधिक प्रभावी आहे. तुमच्या गच्चीवर जी साल कुजते, ती त्या ढिगात सडण्यापासून वाचते.

गोठ्यावरून

मिथेनचा विषय निघालाच आहे तर लिहितो. गोबरगॅसच्या संयंत्रात आम्ही मुद्दाम हवा बंद करतो. धाग्याच्या भाषेत तिथे शेण सडतेच, पण त्यातून चूल पेटते आणि बाहेर येणारी मळी उत्तम खत असते. शिवाय मुरघास करताना हिरवा मका दाबून हवाबंद केला जातो आणि तो सडत तर नाहीच, उलट महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून हवा नसणे म्हणजे नुकसान, असे सरसकट म्हणू नये, असे मला वाटते.

काळीभोर (धागाकर्ता)

दोन्ही उदाहरणे योग्य आहेत. गोबरगॅसमध्ये जो मिथेन बाहेर पडतो तो आपण पकडतो आणि जाळतो, म्हणून तीच क्रिया उपयोगी ठरते; उकिरड्यात तो तसाच हवेत जातो. मुरघासात आम्ल तयार करणारे जिवाणू आंबटपणा इतका वाढवतात की सामू (pH) 4 च्या आसपास येतो आणि इतर जिवाणूंना काम करता येत नाही. ते आंबवणे आहे, आणि आंबवणे हा टिकवण्याचा उपाय आहे. बंगळूर येथे सी. एन. आचार्य यांनी 1939 मध्ये मांडलेल्या पद्धतीतही खड्डा भरून वरून चिखलाने बंद करतात आणि पुढचे बरेचसे काम हवेशिवायच होते. त्याला नाडेपच्या तुलनेत कितीतरी जास्त वेळ लागतो, पण ढीग वारंवार पलटण्याची मजुरी वाचते. हवा द्यायची की कोंडायची हे माणसाने ठरवून केले, तर दोन्हींतून काम साधते. न ठरवता जे होते त्याबद्दल माझी तक्रार आहे.

भौतिकी_शिक्षक

कुजण्याला आणि किरणोत्सारी क्षयाला इंग्रजीत ‘डिके’ हा एकच शब्द आहे, म्हणून त्याचा हा वेगळा वापर इथे नोंदवणे उपयुक्त ठरेल. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयाचा वेग अर्धायुष्याने, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणाऱ्या काळाने, सांगतात : कार्बन-14 साठी ते 5,730 वर्षे आहे, आयोडीन-131 साठी सुमारे 8 दिवस. पानगळीच्या कुजण्यासाठीही असेच घातांकी सूत्र वापरता येते, हे अमेरिकी परिस्थितिवैज्ञानिक जेरी ओल्सन यांनी 1963 मध्ये मांडले. ठरावीक काळात उरलेल्या पाल्याचा ठरावीक हिस्सा कमी होतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. विद्यार्थ्यांना मात्र मी एक फरक आवर्जून सांगतो. कार्बन-14 च्या अणूला नागपूरचा मे आणि काश्मीरचा जानेवारी सारखेच असतात. उष्णता, ओल, हवा यांनी त्याचा वेग बदलत नाही. पानाचा वेग यांनीच ठरतो. पाने म्हणजे एकच पदार्थही नव्हे. त्यांतील शर्करा आधी संपतात, मग सेल्युलोज, आणि लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन सर्वांत शेवटपर्यंत राहते, त्यामुळे सुरुवातीचा वेग पुढे कमी होत जातो.

कापूसवाला

लिग्निनचा उल्लेख आला म्हणून विचारतो. पराट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळलेली झाडे, यांचे काय करावे? आमच्या भागात बहुतेक जण जाळतात. मी एकदा बारीक करून थेट वावरात मिसळल्या, तर पुढचे पीक पिवळे पडले.

काळीभोर (धागाकर्ता)

पीक पिवळे पडण्याचे कारण ठळक आहे. पराटीत कार्बन फार आणि नत्र अगदी थोडे असते. ती जमिनीत गेली की सूक्ष्मजीव ती खाण्यासाठी लागणारे नत्र जमिनीतूनच उचलतात आणि पिकाच्या वाट्याला तात्पुरते काही उरत नाही. पुढे ते सूक्ष्मजीव मरतात तेव्हा ते नत्र परत मिळते, पण तोवर हंगाम निघून गेलेला असतो. म्हणून पराटी आधी टाक्यात कुजवावी, बारीक तुकडे करून, शेण आणि हिरव्या पाल्यासोबत. लिग्निन फोडण्याचे काम मुख्यतः पांढऱ्या कुजीच्या बुरश्या करतात आणि त्यांना ओल व हवा दोन्ही लागतात, त्यामुळे अखंड पराटी कोरड्या धुऱ्यावर (बांधावर) वर्षानुवर्षे तशीच पडून राहते.

ती धुऱ्यावर रचून ठेवूही नये, कारण गुलाबी बोंडअळीच्या सुप्त अळ्या वाळलेल्या बोंडांत आणि पराट्यांत टिकून पुढच्या हंगामात बाहेर येतात. अनेक जण जाळण्याचा मार्ग घेतात तो या भीतीने, आणि ती भीती खरी आहे. मात्र जाळल्याने कार्बन आणि नत्र दोन्ही हवेत जातात आणि वावराला फक्त राख मिळते. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब मुळातच कमी आहे. उष्ण हवामानात तो लवकर जळून जातो आणि भरपाई केली नाही तर दरवर्षी घटत राहतो. ज्या ढिगाचे तापमान आतून 55 ते 60 अंशांपर्यंत चढते, त्यात अळ्या आणि तणांचे बी टिकत नाही. बारीक करून नीट तापलेल्या ढिगात कुजवणे हा दोन्ही बाजू सांभाळणारा उपाय आहे. गावात एक कुट्टी यंत्र सामाईक घेतले तर तो एकट्याच्या खर्चाबाहेरचाही राहत नाही.

महालकर

लाकडाबद्दल थोडेसे. नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांत सागवानी खांब वरून धडधाकट आणि जोत्याशी कुजलेले आढळतात. लाकडात साधारण 20 टक्क्यांहून कमी ओल असेल तर बुरशीला वाढता येत नाही, म्हणून खांबाखाली दगडाची तळखडी देत असत. दुरुस्तीच्या वेळी तळखडी सिमेंटमध्ये गाडून टाकली की ओल अडकते आणि कूज सुरू होते. खताच्या ढिगाला जे हवे, तेच घराच्या लाकडाला मिळू द्यायचे नाही.

गच्चीवरची_बाग

नाडेप टाके भरायला योग्य महिना कोणता? आमच्या वसाहतीच्या मोकळ्या जागेत एक बांधायचा विचार सुरू झाला आहे.

काळीभोर (धागाकर्ता)

ताई, नागपुरात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ मी सर्वांत योग्य मानतो. पाऊस सरलेला असतो, सोयाबीनचे कुटार आणि हिरवा पाला मुबलक मिळतो, आणि उन्हाचा तडाखा सुरू होण्याआधी, मार्चपर्यंत, टाके तयार होते. जागा उंचवट्यावर आणि शक्यतो झाडाच्या सावलीत निवडावी. सगळा माल आधी गोळा करून एक-दोन दिवसांतच टाके भरून टाकावे. रोज थोडेथोडे भरले तर उष्णता धरत नाही. पंधरा-वीस दिवसांत माल आठ-नऊ इंच खाली बसतो, तेव्हा वर पुन्हा थर देऊन नव्याने लिंपावे. लिंपणाला भेगा पडल्या तर लगेच शेणाने बुजवाव्यात आणि छिद्रांतून अधूनमधून पाणी शिंपडावे. वसाहतीच्या टाक्यात प्लास्टिक, काच आणि तेलकट शिजलेले अन्न जाणार नाही, यासाठी भरण्याच्या दिवशी कोणीतरी जाणते माणूस उभे राहणे आवश्यक आहे. तयार खत चाळून सावलीत गोणपाटाखाली ठेवावे, पूर्ण वाळू देऊ नये, आणि जूनमध्ये पहिला चांगला पाऊस होऊन जमीन वाफशावर आली की मातीत मिसळावे.